तोंडाचा कर्करोग आणि तंबाखूचे कायदे

मुंबईत परळला फेब्रुवारी १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ होते. रुग्णाच्या गाठीचा किंवा जखमेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणे हे त्यांचे रोजचे काम होते, आणि त्या तुकड्यांमध्ये गाल, हिरडी, जीभ आणि घशाचे तुकडे फार मोठ्या संख्येने येत होते. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत तोंडाचा कर्करोग तुलनेने कमी आढळे, मुंबईत मात्र तो रोजचाच झाला होता. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा निबंध १९४४ मध्ये 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकी नियतकालिकात छापून आला. तंबाखूच्या सवयीशी या रोगाचा जवळचा संबंध दिसतो, हे त्यात नोंदवलेले होते. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा ब्रिटनमधला डॉल आणि हिल यांचा प्रसिद्ध अभ्यास त्यानंतर सहा वर्षांनी, १९५० मध्ये आला.

तंबाखूमुळे कर्करोग होतो याचा भारतीय पुरावा भारतातच, तोही इतका लवकर जमा होऊ लागला होता. त्या पुराव्याला शोभेल असा कायदा यायला मात्र सहा दशके लागली, आणि आला तोही तुकड्यातुकड्यांनी. आधी सिगारेट, मग दंतमंजन, मग गुटखा, मग पाकिटावरचे चित्र. जुनाट आजार रोखण्याचे राष्ट्रीय धोरण कसे घडते आणि कशाने रखडते, हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण महाराष्ट्राला नाही.

तंबाखू भारतात पोर्तुगीजांबरोबर आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग हा मुघल दूत विजापूरहून परतताना तंबाखू आणि हुक्का घेऊन गेला आणि त्याने ते अकबरापुढे ठेवले. दरबारी हकिमांनी तेव्हाच हरकत घेतली होती. जहांगिराने १६१७ मध्ये धूम्रपानावर बंदी घातली, पण तिचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या तीनशे वर्षांत तंबाखूने प्रत्येक प्रांतात आपले वेगळे रूप घेतले. महाराष्ट्रात ती मुख्यतः तळहातावर चुन्याशी मळून गालात धरली गेली. बायकांनी तव्यावर भाजून तिची मिश्री केली आणि दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून दोन-चार वेळा हिरड्यांना लावली. कोणी नाकात तपकीर ओढली, कोणी विड्यात जर्दा घातला, कष्टकऱ्यांनी बिडी पेटवली. विदर्भात पुढे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा आला, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मावा आला. या सगळ्यांत सिगारेटचा वाटा लहान होता. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर पुढच्या कायद्यांची कहाणी नीट समजत नाही.

चुन्याची भूमिका इथे महत्त्वाची आहे. तंबाखूत चुना मिसळला की मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या पातळ त्वचेतून लवकर रक्तात जाते, म्हणून किक बसते. तंबाखू सुकवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसमाइन नावाची संयुगे तयार होतात, आणि ती कर्ककारक आहेत. गोळी रोज एकाच गालफडात धरण्याची सवय असली की त्याच जागेची त्वचा वर्षानुवर्षे या रसात भिजत राहते. आधी तिथे पांढरा किंवा तांबडा चट्टा उठतो. तो दुखत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. त्यातले काही चट्टे पुढे कर्करोगाचे रूप घेतात. सुपारीचा मार्ग वेगळा आहे. तिच्यातल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साठतात, गाल कडक होतात आणि तोंड उघडेनासे होते. तिखट सोसत नाही, पुढे घास घेणेही अवघड होते. या दुसऱ्या रोगाला वैद्यकात सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि तोही कर्करोगाची पूर्वावस्था आहे.

खानोलकर पहिल्या निबंधावर थांबले नाहीत. एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९५५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात टाटा रुग्णालयातल्या कर्करोग्यांच्या सवयी इतर लोकांच्या सवयींशी ताडून पाहिल्या होत्या. मुंबई अशा अभ्यासाला फार सोयीची होती, कारण एकाच शहरात निरनिराळ्या प्रांतांतून आलेले समाज राहत होते आणि प्रत्येकाची तंबाखूची तऱ्हा निराळी होती. तंबाखू चघळणाऱ्यांत मुखपोकळीचा कर्करोग अधिक दिसला, बिडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा आणि घशाचा. सवय बदलली की रोगाची जागाही बदलते, हे कारणाकडे बोट दाखवणारे भक्कम चिन्ह होते. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, आणि १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदवही सुरू केली. देशातली ती पहिली नोंदवही. रुग्णालयात आलेले रुग्ण मोजणे आणि शहरातल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या पद्धतीनेच एखादा रोग वाढतो आहे की घटतो आहे, हे कळू शकते.

रुग्णालयातला पुरावा खेड्यात नेला तो डॉ. फली मेहता यांनी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी दंतसंशोधनाचा एक विभाग उभा केला. अणुविज्ञानासाठी नावाजलेल्या संस्थेत दातांच्या डॉक्टरांचा विभाग असणे हे अनेकांना आश्चर्याचे वाटे, पण त्याचे काम जगात मान्यता पावले. कोपनहेगनचे प्राध्यापक जेन्स पिंडबोर्ग त्यांचे सहकारी होते. मेहतांच्या पथकांनी १९६६ पासून गुजरातमधला भावनगर, केरळमधला एर्नाकुलम, आंध्रातला श्रीकाकुलम आणि तेव्हाच्या बिहारमधले दरभंगा व सिंगभूम या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन ५० हजारांहून अधिक लोकांची तोंडे तपासली. श्रीकाकुलममध्ये चुट्ट्याचे, म्हणजे गावठी सिगारचे, जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती, विशेषतः बायकांमध्ये, आणि तिथे टाळूचा कर्करोग दिसे. याच मालिकेतला सर्वांत मोठा अभ्यास महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात झाला. त्यात १,०१,७६१ ग्रामस्थ तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाखाहून अधिक माणसांना त्यांच्या दारात 'आ' करायला लावून गाल, हिरड्या, जीभ आणि टाळू पाहणे, प्रत्येकाची सवय लिहून घेणे, हे काम किती चिकाटीचे असेल!

आधीच्या पाचांपैकी तीन जिल्ह्यांत दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर चित्र स्पष्ट झाले. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्था जवळजवळ सर्वस्वी तंबाखू वापरणाऱ्यांतच आढळत होत्या. मग पथकाने पुढचा प्रश्न घेतला: लोकांना सांगून, समजावून सवय सुटते का, आणि सुटली तर चट्टे कमी होतात का? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भावनगर, एर्नाकुलम आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतले ३६ हजार तंबाखू वापरणारे लोक निवडले गेले. त्यांना फलक, चित्रपट, रेडिओ आणि दरवर्षी समोरासमोर बसून दिलेला सल्ला यांतून धोका सांगण्यात आला. पथकातल्या डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचे निष्कर्ष मांडले. सल्ला मिळालेल्या लोकांत सवय सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते आणि एर्नाकुलममध्ये नवे पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले होते. तोंडाचा कर्करोग टाळता येतो, त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, आणि हे भारतीय खेड्यात करून दाखवता येते, एवढे १९८६ साली सिद्ध झालेले होते.

सरकारच्या बाजूला मात्र उलटसुलट चालले होते. सिगारेट (उत्पादन, पुरवठा व वितरण नियमन) कायदा १९७५ मध्ये झाला आणि सिगारेटच्या पाकिटावर ती आरोग्यास अपायकारक असल्याची सूचना आली. सूचना बारीक अक्षरांत होती, आणि ती फक्त सिगारेटवर होती. बिडी, जर्दा, खाण्याची तंबाखू, मिश्री या कायद्याबाहेर राहिल्या. म्हणजे ज्या रूपांत देशातली बहुसंख्य माणसे तंबाखू वापरत होती, त्या रूपांना कायद्याने स्पर्शच केला नाही. खानोलकर आणि मेहता यांच्या तक्त्यांत ज्या सवयी सर्वांत वर होत्या त्याच नेमक्या वगळल्या गेल्या. त्याच वर्षी संसदेने तंबाखू मंडळाचा कायदाही केला. व्हर्जिनिया तंबाखूची शेती आणि निर्यात वाढवणे हे त्या मंडळाचे काम. एकाच वर्षी एका हाताने इशारा छापायचा आणि दुसऱ्या हाताने उत्पादनाला प्रोत्साहन द्यायचे, ही विसंगती पुढची अनेक दशके धोरणात टिकून राहिली.

ती टिकण्याला कारणेही होती, आणि ती खोटी नव्हती. बिडीवर लाखो कुटुंबे जगत होती. महाराष्ट्रात सोलापूर, सिन्नर, संगमनेर, कामठी इथे बायका घरी बसून बिड्या वळत. भंडारा-गोंदियाच्या जंगलात तेंदूपाने गोळा करणे हा उन्हाळ्यातला मोठा रोजगार होता. बिडी व सिगार कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, १९७६ मध्ये त्यांच्या कल्याणासाठी उपकर लागू झाला. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. तिथल्या वखारींत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांचे हाल अनिल अवचटांनी मराठी वाचकांपुढे मांडले. या माणसांना दुसरे काम कोण देणार, या प्रश्नाला आरोग्य खात्याकडे उत्तर नव्हते आणि शेती, कामगार किंवा उद्योग खात्यांनी ते शोधले नाही. पण या गरिबांच्या नावाने कारखानदारांनी आपली बाजू लढवली आणि बिडी करांतून व इशाऱ्यांतून दीर्घकाळ सुटत राहिली, हेही तितकेच खरे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही सिगारेटवरचा वाढीव उपकर बिडीला लावला गेला नाही.

राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ मध्ये सुरू झाला होता. सुरुवातीला त्याचा भर मोठ्या केंद्रांना किरणोपचाराची यंत्रे देण्यावर होता. १९८४-८५ मध्ये त्याची फेरमांडणी झाली आणि रोग होऊ न देणे व लवकर ओळखणे ही उद्दिष्टे पुढे आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१-८२ मध्ये मुंबई, मद्रास आणि बंगळूर इथल्या नोंदवह्यांपासून राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली नोंदवही १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखू चघळणे कर्ककारक असल्याचा निर्वाळा दिला तेव्हा तिच्यापुढच्या पुराव्याचा मोठा भाग भारतातून गेलेला होता.

तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि दंतमंजने १९९२ मध्ये केंद्राने बंद केली. उत्पादक न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंदी कायम ठेवली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला अर्थातच कोणताही कायदा लागू पडत नव्हता, आणि मिश्रीचा धोका बायकांना घरात जाऊन सांगणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

या सगळ्या काळात बाजारात एक नवी वस्तू आली होती आणि तिने आधीचे हिशेब उधळून लावले. विडा करायला पान, चुना, कात, सुपारी लागते, पानवाला लागतो, आणि विडा टिकत नाही. कारखान्यांनी सुपारी, कात, चुना आणि सुगंध यांचे कोरडे मिश्रण करून त्याला पानमसाला म्हटले. त्यात तंबाखू घातली की गुटखा झाला. सत्तरच्या दशकात डब्यांतून सुरू झालेला हा माल पुढे प्लॅस्टिकच्या छोट्या पुड्यांत येऊ लागला आणि टपऱ्यांवर पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. पुडी एक-दोन रुपयांची, कधी त्याहूनही कमी किमतीची. ती खिशात मावे, तिला वास गोड येई, आणि ती खाताना कोणाच्या तोंडातून धूर निघत नसे. त्यामुळे शाळकरी मुलांनाही ती सहज लपवता आली. दूरदर्शनवर जाहिराती होत्या, चित्रपट-पुरस्कारांच्या सोहळ्यांना गुटख्याचे प्रायोजकत्व होते. तंबाखूविषयी मोठ्या माणसांना जो संकोच होता तो गुटख्याच्या बाबतीत राहिलाच नाही, कारण अनेकांना तो मुखशुद्धीचाच प्रकार वाटे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रकाश गुप्ता यांनी भावनगर जिल्ह्यातल्या निरीक्षणांवरून सबम्युकस फायब्रोसिसची नवी साथ येत असल्याचा इशारा दिला. हा रोग आता तरुणांमध्ये दिसू लागला होता. पूर्वी साठीत होणारे रोग तिशी-पस्तिशीत येऊ लागले, हा गुटख्याने केलेला सर्वांत मोठा घात.

आता राज्ये आणि न्यायालये हलू लागली. गोव्यात कर्करोग-शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी अनेक वर्षे चालवलेल्या मोहिमेनंतर १९९७ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणे यांना मनाई करणारा कायदा झाला. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपान बेकायदा ठरवले. मुंबईचे खासदार राहिलेले मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानाला देशभर मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या धुराने आजारी पडावे लागू नये, हा या निर्णयाचा गाभा होता.

महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाल्यावर १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांची बंदी घातली. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशनेही तसेच केले. बंदीचा आधार होता अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, कारण गुटख्याची पुडी खाद्यपदार्थ म्हणूनच विकली जात होती. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २००४ मध्ये न्यायालयाने राज्यांचे आदेश रद्द केले. राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला मिळालेला अधिकार स्थानिक आणि तात्पुरत्या संकटापुरता आहे, एखादी वस्तू धोरण म्हणून कायमची बंद करण्याचा अधिकार केंद्राचा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल कायद्याच्या मर्यादेत बरोबर असेलही. पण दोन वर्षे बंद असलेल्या पुड्या पुन्हा राजरोस टपरीवर आल्या आणि राज्याचे हात आठ वर्षे बांधलेले राहिले. गोव्याने २००५ मध्ये आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच दुरुस्ती करून गुटख्यावर बंदी आणली. तो मार्ग अन्नकायद्यातून जात नव्हता.

दरम्यान केंद्राचा मुख्य कायदा झाला होता. सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने कायदा, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात, मे २००३ मध्ये मंजुरी मिळवून १ मे २००४ पासून अमलात येऊ लागला. बिडी, जर्दा, गुटखा, तपकीर, मिश्री या सर्वांना एका व्याख्येत आणणारा हा पहिलाच राष्ट्रीय कायदा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई, जाहिरातींवर बंदी, अठरा वर्षांखालच्यांना विक्रीस मनाई, शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही, आणि पाकिटावर चित्रासह इशारा, ही त्याची प्रमुख कलमे. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला मान्यता दिली. कागदावर भारत आघाडीच्या देशांत गेला. अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला, आणि सार्वजनिक धूम्रपानाचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. जाहिरातबंदीला उत्पादकांनी लगेच वाट काढली. तंबाखूच्याच नावाचा पानमसाला किंवा वेलची बाजारात आणायची आणि तिची जाहिरात करायची. पडद्यावर वेलची दिसते, पाहणाऱ्याला मात्र पुडी आठवते.

चित्राचे कलम अमलात यायला ३१ मे २००९ उजाडला. त्यातही खाण्याच्या तंबाखूच्या पुडीवर पहिल्यांदा छापले गेले ते विंचवाचे चित्र. विंचू पाहून गालातल्या गाठीची कल्पना कोणाला येणार? ज्या माणसाला अक्षर वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र असते, आणि त्याला रोग दाखवण्याऐवजी एक कोडे दाखवले गेले. खरे रुग्णाचे तोंड पाकिटावर यायला २०११ ची अखेर झाली. प्लॅस्टिकच्या पुडीवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ पासून बंदी घातली, ती पर्यावरणाच्या कारणासाठी. उत्पादक कागदी वेष्टनाकडे वळले.

गुटखाबंदीची वाट शेवटी एका नव्या अन्नकायद्यातून निघाली. अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली ऑगस्ट २०११ मध्ये आलेल्या नियमांत एक छोटे कलम होते: कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही. हा नियम केंद्राचा होता, त्यामुळे २००४ चा आक्षेप इथे लागू पडत नव्हता. गुटखा खाद्यपदार्थ असेल तर त्यात तंबाखू घालता येत नाही, आणि तंबाखू नसेल तर तो गुटखा राहत नाही. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये या कलमाचा आधार घेऊन बंदी आणली, केरळ आणि बिहार मागोमाग आले. महाराष्ट्रात पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री आणि महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाला दोन्हींवर बंदीचा आदेश निघाला. या वेळी उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने स्थगिती नाकारली. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही आदेशात आल्या, त्यामुळे खर्रा आणि मावा यांच्या कच्च्या मालावरही बोट ठेवता आले. हा आदेश कायद्यानुसार एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून तो दर जुलैत नव्याने काढावा लागतो.

बंदीने पुड्यांच्या माळा टपरीवरून उतरवल्या, हे मान्य करायला हवे. गुटखा नाहीसा झाला नाही. तो चोरट्या वाहतुकीने आला, महाग झाला, काउंटरखाली गेला. जिथे पानमसाल्याला मुभा होती तिथे उत्पादकांनी एका पुडीचे दोन भाग केले: एकात पानमसाला, दुसऱ्यात तंबाखू, आणि गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून खाई. महाराष्ट्राने पानमसालाही बंद केल्याने इथे ही पळवाट अरुंद राहिली. साधी, बिनसुगंधी तंबाखू आणि चुन्याची पुडी मात्र कोणत्याही बंदीत आलेली नव्हती. शेतकरी, मजूर, वाहनचालक यांची जुनी सवय तशीच चालू राहिली.

या वर्षांत रुग्ण स्वतः बोलू लागले. टाटा रुग्णालयातले मान-मस्तकाच्या कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्या पुढाकाराने जबडा किंवा जीभ गमावलेली माणसे मंत्र्यांना, खासदारांना भेटून आपली कहाणी सांगू लागली. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, आणि आपल्या सवयीची किंमत त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितली. ग्रामस्वच्छता अभियानाने घराघरांत पोहोचलेले माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्याच कर्करोगाने निधन झाले. तंबाखूची सवय त्यांना होती हे महाराष्ट्राला ठाऊक होते. त्यांच्या जाण्याने गावोगावी जी हळहळ झाली तिने अनेकांना पहिल्यांदा आपल्या खिशातल्या पुडीकडे पाहायला लावले.

त्यानंतर दीड महिनाही गेला नव्हता. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. संसदेच्या दुय्यम विधानविषयक समितीने तो लांबणीवर टाकण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी सांगितले की तंबाखूने कर्करोग होतो असे सिद्ध करणारे भारतीय सर्वेक्षण नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत. ते ज्या मतदारसंघातून निवडून आले होते त्याला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यातच एक लाखाहून अधिक लोकांची तोंडे चाळीस वर्षांपूर्वी तपासली गेली होती. खानोलकरांचा निबंध तर सत्तर वर्षांचा झाला होता. देशाचे स्वतःचे विज्ञान त्याच देशाच्या संसदीय समितीला माहीत नसावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. डॉक्टर आणि रुग्ण यांनी याविरुद्ध जोरदार आवाज उठवला, राजस्थान उच्च न्यायालयाने नियम लागू करण्याचा आदेश दिला, आणि अखेर एक वर्ष उशिराने, १ एप्रिल २०१६ पासून मोठे चित्र पाकिटावर आले.

या सर्वांचा परिणाम किती झाला, हे दोन सर्वेक्षणांतून दिसते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाची पहिली फेरी २००९-१० मध्ये आणि दुसरी २०१६-१७ मध्ये झाली. दोन्हींचे काम मुंबईतल्या देवनारच्या संस्थांनी केले, पहिले आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने आणि दुसरे टाटा समाजविज्ञान संस्थेने. पंधरा वर्षांवरच्या लोकांत तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण देशात ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आले, महाराष्ट्रात ३१.४ वरून २६.६ वर. महाराष्ट्रात धूम्रपान ६.६ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर घसरले. धूरविरहित तंबाखू मात्र २७.६ वरून २४.४ टक्क्यांवरच आली, म्हणजे राज्यातला जवळजवळ दर चौथा प्रौढ अजूनही ती वापरत होता. कायद्यांची दिशा दशकानुदशके सिगारेटकडे राहिली, त्याचे प्रतिबिंब या आकड्यांत आहे.

गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने राज्य सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी प्रयोग हाती घेतला. दारू आणि खर्रा या दोन्हींविरुद्ध गावांनी स्वतः ठराव करणे, पानठेल्यांवरची विक्री थांबवणे, प्रशासनाने कायदा राबवणे आणि व्यसनी माणसाला उपचार मिळणे, अशी त्याची चार अंगे आहेत. यातल्या पहिल्या अंगाला राष्ट्रीय धोरणात तोवर फारशी जागा मिळालेली नव्हती.

जुनाट आजारांसाठीची राष्ट्रीय चौकट तोवर रुंदावली होती. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये १०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढे देशभर गेला. केरळात डॉ. आर. शंकरनारायणन यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले होते. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासल्यास तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसले. मेहतांच्या पथकानेही एर्नाकुलममध्ये आरोग्यसेवकांकडून अशी तपासणी करून घेतली होती. या आधारावर केंद्राने २०१६ मध्ये तिशीवरच्या सर्वांसाठी तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आशा सेविकेने घरी प्रश्नावली भरायची, उपकेंद्रात रक्तदाब, साखर आणि तोंड तपासायचे, स्त्रियांची स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करायची, आणि संशय आल्यास जिल्हा रुग्णालयात पाठवायचे, अशी ही साखळी. कार्यक्रमाचे नाव २०२३ मध्ये बदलून असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम असे झाले आणि त्याची व्याप्ती वाढली.

साखळीची पहिली कडी किती पक्की आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून कळते. तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी एकदा तरी झाली आहे, असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात ०.९ टक्के आणि पुरुष १.२ टक्के होते. जागतिक अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात ओठ आणि मुखपोकळीच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण होते, आणि भारतीय पुरुषांत हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता.